पालकांनी सोबत बसून करावे

शनिवारी अकरा वाजता, भांडुपच्या महापालिका शाळेत
आम्ही बावीस पालक चौथीच्या बाकांत
गुडघे पोटाशी घेऊन बसलो.
बायकाच जास्त. पुरुष तिघे:
मी, चक्कीवाला रामसजीवन,
आणि पंख्याखालची जागा धरून बसलेले एक आजोबा.
हिची हॉस्पिटलात ड्यूटी, म्हणून मी.
नाहीतर कशाला आलो असतो, खरं सांगतो.

घोगळे बाईंनी फळ्यावर दोन आकृत्या काढल्या,
एक मुलगा, एक मुलगी, दोघांनाही नाक नाही.
म्हणाल्या, पुढच्या महिन्यात मुलांना शिकवणार,
शरीर, स्वच्छता, कुणाचा हात कुठे चालतो, कुठे नाही.
पण आधी तुम्ही.
तुमच्या घरात कशाला काय म्हणतात, येऊन लिहा.
आणि खडू पुढे केला.

कोपर सापडलं लगेच. गुडघा, घोटा, बेंबी.
एकीनं तर टाळूही लिहिली.
मग खडू थांबला.
माझ्या बाकावर कुणीतरी कर्कटकानं बदाम कोरला होता,
मी त्यातून बोट फिरवत राहिलो.

शेवटी मागून कुणी म्हणालं, "शूची जागा."
मग धीर येऊन दुसरी, "आमच्यात नुसतं 'खाली' म्हणतात."
"शेम शेम."
"आम्ही नाव नाही घेत. म्हणतो, झाक."
हसू फुटलं. पदर तोंडाशी गेले.
आजोबा उठले. बाई, आमच्या वेळी हे असलं नव्हतं.
बाई म्हणाल्या, असलं होतं, आजोबा. शब्द नव्हता.

आजोबा बसले.

मी लिफ्ट दुरुस्त करतो, पवईच्या टॉवरांत.
कुणी मध्येच अडकलं की दाराला तोंड लावून सांगतो,
घाबरू नका, बोलत राहा, मी इथे आहे.
वीस वर्षं हे सांगतोय, परक्यांना.

मी नऊ वर्षांचा असताना
वरच्या मजल्यावर एक काका होते, कॅरम शिकवायचे.
दार लावून शिकवायचे.
घरी येऊन मी आईला म्हणालो, पोटात दुखतंय.
दुसरं काय म्हणणार? तेवढ्या सगळ्या भागासाठी
माझ्याकडे पोट हा एकच शब्द होता.
आईनं ओवा दिला, वर कोमट पाणी.
पुढच्या रविवारीही ओवा.
त्याच्या पुढच्याही.
आईला वाटलं, पोराचं पोट नाजूक.
अजून तेच सांगते सुनेला.

मी फळ्यापर्यंत गेलो नाही.
कुणाला काही बोललोही नाही.
फक्त बाईंनी वाटलेला कागद
घडी न घालता घरी आणला.

कागदावर हाताचा पंजा. वर छापलेलं:
पालकांनी सोबत बसून करावे.
प्रत्येक बोटावर एक नाव, ज्याला काहीही सांगता येईल.
मी मटार सोलत होतो, जुई जांभळ्या स्केचपेननं लिहीत होती.
आई. घोगळे बाई. मावशी. तबस्सुम.
अंगठा राहिला.
तिनं पेनाचं टोपण चावलं, माझ्याकडे पाहिलं.
"बाबा, पण तू ओरडतोस."
ओरडतो, मी म्हटलं.
"मग तुझं पेन्सिलनं लिहिते," म्हणाली. "पुसता येईल."

मागच्या पानावरचे शब्द आम्ही मोठ्यानं वाचले.
ती सरळ, मी अडखळत.
दोन शब्द तिनं मला परत म्हणायला लावले.
शेजारच्यांचा टीव्ही चालू होता, बरं झालं.

परवा रात्री जेवताना म्हणाली, पोटात दुखतंय.
माझा हात बरणीकडे गेला आणि तिथेच राहिला.
खाली बसलो, तिच्या उंचीला.
कुठे दुखतंय? नीट सांग. काय झालं?
सोपं गणित चुकवणाऱ्याकडे बाई बघतात
तसं तिनं माझ्याकडे बघितलं.
"पोटातच, बाबा. शाळेबाहेर तीन पेरू खाल्ले. तिखट लावून."

मग दिला ओवा.
चिमूटभर मीही खाल्ला.